एक नदी, दोन आराखडे

चंद्रपूर जिल्ह्यातील सावली तालुक्याच्या पूर्व कडेने वैनगंगा वाहते. पलीकडचा काठ गडचिरोली जिल्ह्याचा. १९८२ पर्यंत दोन्ही काठ एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होते. आता नदी हीच सीमा आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार दोन्ही जिल्ह्यांना स्वतंत्र आराखडा करून त्याचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. पूर मात्र ही सीमा मानत नाही.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस हे ठळकपणे दिसले. मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, तेथील संजय सरोवर धरणातून विसर्ग वाढला आणि वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, सावली, गडचिरोलीपर्यंतची काठची गावे पाण्यात सापडली. धरणावरून येणारा विसर्गाचा आकडा क्युमेकमध्ये (घनमीटर प्रति सेकंद) असतो. त्या आकड्याला कोणता रपटा बुडतो, कोणत्या टोलीत पाणी शिरते, हे कोतवाल, पोलीस पाटील आणि डोंगा चालवणारे ढिवर जाणतात. अधिकारी ही माहिती त्यांच्याकडून घेतो; ती लिहून ठेवली नाही, तर त्याच्या बदलीबरोबर कार्यालयातून निघून जाते.

म्हणून पूर ओसरल्यावर महिन्याभरात दोन्ही जिल्ह्यांनी एकत्र आढावा घ्यावा. त्यात धरणाचे अभियंते, नागपूरचे राज्य आपत्ती प्रतिसाद दल, आरोग्य विभाग, ग्रामपंचायती, मच्छीमार संस्था व मदत करणाऱ्या संघटना असाव्यात. इशारा कधी निघाला, गावात कधी पोचला, रस्ता कुठे तुटला, मदत कुठे दोनदा गेली आणि कुठे गेलीच नाही, एवढी नोंद पुरेशी आहे. तिचा हेतू दोष ठरवण्याचा नसावा. दोष शोधला जाऊ लागला की खरी माहिती दडवली जाते.

शिकण्यासारखे शेजारीच बरेच आहे. दरवर्षी संपर्क तुटणाऱ्या भामरागड भागात पावसाळ्याआधीच धान्य पोचवले जाते. गडचिरोलीच्या दुर्गम भागात प्रसूतीपूर्वी गरोदर माता आरोग्य केंद्राच्या माहेरघरात राहायला येतात. पुराने वेढल्या जाणाऱ्या सावलीच्या गावांनाही हीच तयारी उपयोगी पडेल.

असा एकत्रित आढावा इतरत्र झालेला आहे. रवांडातील नरसंहारानंतरच्या मदतकार्याचे अनेक देशांनी व संस्थांनी केलेले संयुक्त मूल्यमापन १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून संस्थांनी अनुभव एकत्र मांडण्याची कायमची व्यवस्था उभी राहिली. वैनगंगेच्या खोऱ्यातही तशी व्यवस्था हवी. संयुक्त नोंदीतील प्रत्येक निष्कर्षासमोर जबाबदार कार्यालय व मुदत लिहावी आणि मे महिन्यातील मान्सूनपूर्व बैठकीत दोन्ही आराखडे त्यानुसार दुरुस्त करावेत.