'माल बरा' म्हणजे नेमका किती?

गेल्या सुट्टीत मोर्शीला काकांच्या संत्राबागेच्या वीस वर्षांच्या वह्या हाती लागल्या आणि माझ्या अंगात डेटा मायनिंग संचारलं! म्हणजे काय, तर नोंदींचा डोंगर पोखरायचा आणि पाऊस, फवारणी, भाव यांचा एकमेकांशी काही मेळ सापडतो का ते बघायचं. पण भाव कधी हजार फळांचा, कधी टनाचा. एके ठिकाणी तर नुसतं 'माल बरा'. आता हा 'बरा' एक्सेलमध्ये कसा भरायचा, बॉस?

लॅपटॉप कमी पडला तर ग्रिड कम्प्युटिंग आहेच. तोडणीला जशा बागेतल्या ओळी वाटून देतात, तसं एकच काम दूरदूरच्या कम्प्युटर्सना वाटायचं. पुण्याच्या सी-डॅकनं २००० च्या दशकात 'गरुड' ग्रिडमधून १७ शहरांतल्या ४५ संस्था जोडल्या होत्या. (सी-डॅक उभी करणारे विजय भटकर आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, बरं का!)

पण माझ्या वह्यांत मधल्या तीन वर्षांची पानंच कोरी. तिथं गरुड तरी काय करणार? उरलेल्या वर्षांच्या हिशोबात तर बाग कधी तोट्यातच नव्हती! शेवटी काकांना फोन लावला.

"त्या सालांत गळ झाली ना बाबू," काका म्हणाले. "झाडावर काही राह्यलंच नाई, तं लिवू काय?"