झग्याखालची चंदेरी

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लग्नसराईत तर ती घरोघरी ऐकू येते. तिच्यात काही वावगे आहे असे मला कधी वाटले नव्हते. गेल्या वर्षी मात्र मावसबहिणीच्या पदवीदान समारंभासाठी मी भोपाळला जाऊन आले आणि तेव्हापासून ही म्हण मला बोचू लागली. लवकरच आपल्या वर्गावरही तो प्रसंग येणार आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी मावशी लग्न होऊन भोपाळला गेली त्याला तीस वर्षे झाली. ताई ही त्या घरातली पहिली एम.एस्सी. साहजिकच समारंभाला काय नेसायचे हा प्रश्न परीक्षेपेक्षाही गंभीर ठरला. तीन संध्याकाळी आम्ही न्यू मार्केट पालथे घातले. शेवटी ‘मृगनयनी’ या सरकारी हातमाग-हस्तकलेच्या दुकानात माहेश्वरी की चंदेरी यावर मायलेकींचा खल सुरू झाला. माहेश्वरी म्हटली की आपल्याला अहिल्याबाई आठवतात. त्यांनी नर्मदाकाठी महेश्वरला राजधानी नेली, बाहेरून विणकर आणून वसवले, आणि त्या मागांवरून ही साडी उतरली. तिचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा. उलट नेसा की सुलट नेसा. चंदेरीचे गाव निराळे, अशोकनगर जिल्ह्यातले. ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, त्यामुळे साडी वाऱ्यासारखी हलकी आणि किंचित आरपार दिसणारी.

मावशीची कसोटी मात्र साधी होती. ती म्हणाली, “ज्या साडीत तीन पायऱ्या चढता येतात, वाकून नमस्कार करता येतो आणि पदर न सावरता एका हाताने कागद घेता येतो, ती समारंभाची साडी. बाकीच्या कपाटात शोभतात.” भोपाळचा एप्रिल म्हणजे पारा चाळिशीला टेकलेला; जरीने जड झालेली साडी त्यात शिक्षाच. अखेर मोतिया रंगाची, बारीक अशर्फी बुट्टीची चंदेरी ठरली. तिच्यावर गडद जांभळा सुती पोलका, गळा मोकळा आणि कानांत आजीच्या कुड्या. आरशापुढे उभ्या राहिलेल्या ताईला पाहून मावशीचे डोळे भरून आले.

आणि समारंभात काय झाले? दारातच एक काळा झगा ताईच्या अंगावर चढवण्यात आला. भाड्याचा, आधीच्या कितीजणांच्या घामाचा वास असलेला आणि तिला वीतभर लांब. तीन संध्याकाळींची चंदेरी खाली चार बोटे तेवढी दिसत राहिली. मावशी माझ्या कानाशी पुटपुटली, “एवढ्यासाठी का गं पायपीट केली?” मला हसू आवरेना.

समारंभ संपला. झगे परत करून अनामत घेण्यासाठी रांग लागली, आणि झगे उतरताच सभागृहाचे चित्र पालटले. दोन तास एकसारख्या दिसणाऱ्या मुली क्षणात वेगवेगळ्या झाल्या. कोणाची बनारसी, कोणाचा लग्नात शोभेल असा लेहेंगा. ताईशेजारी बसलेली एक मुलगी मात्र झगा उतरवताच ओढणी सावरीत बाजूला सरकली. अंगात धुऊन धुऊन विटलेला सलवार-कमीज होता. ती विषयात पहिली आली होती. व्यासपीठावर तिच्या नावाला ताईपेक्षाही मोठ्या टाळ्या पडल्या होत्या. ताईने तिला छायाचित्रासाठी हाक मारली. “अभी आती हूँ,” असे म्हणून ती गर्दीत गेली ती परत आलीच नाही. त्या वर्गाच्या छायाचित्रात पहिली आलेली मुलगी नाही.

ज्या झग्याला मी हसत होते, त्याने दोन तास त्या मुलीला सांभाळले होते. हे लक्षात आल्यावर माझे हसू मावळले.

झग्यावरची टीका नवी नाही. योगायोग असा की तिचा सर्वात गाजलेला प्रसंगही भोपाळचाच. २ एप्रिल २०१० रोजी तेथील भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या पदवीदान समारंभात तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण राज्यमंत्री जयराम रमेश यांनी भर व्यासपीठावर आपला झगा उतरवून ठेवला. हा वसाहतकाळाचा रानटी अवशेष आहे, समारंभ साध्या कपड्यांत का होऊ नये, असा त्यांचा सवाल होता. पुढे २०१९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा पोशाखासाठी हातमागाचे कापड वापरण्याची सूचना विद्यापीठांना केली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतील वैद्यकीय संस्थांना काळा झगा व टोपी सोडून त्या त्या राज्याच्या परंपरेला धरून पोशाख ठरवण्यास सांगितले.

या म्हणण्यात तथ्य आहे. झगा जन्मला युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांत. तेथे विद्या धर्मपीठाच्या छायेत होती आणि दगडी इमारती गारठलेल्या असत. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली, आणि इंग्रजी विद्येबरोबर तिचा पोशाखही आपल्याकडे आला. भोपाळच्या उन्हात त्याचे काय काम?

परंतु केवळ परका म्हणून तो टाकावा असे म्हणणाऱ्यांना मी एक छायाचित्र दाखवीन. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सन्माननीय पदवी दिली, तेव्हाचे त्यांचे झग्यातले छायाचित्र. ज्या समाजाला अंगभर नीट वस्त्र घालण्याचीही मोकळीक नव्हती, त्याला तो झगा गुलामीची खूण कसा वाटेल? तो आपल्या माणसाने मिळवलेला मान आहे. याउलट १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, तेव्हा महात्मा फुले दागिन्यांनी मढलेल्या मंडळींत शेतकऱ्याच्या वेषात गेले. एकाने विद्वानांचा झगा अंगावर घेतला, दुसऱ्याने दरबारी थाट नाकारला. मला दोघांच्याही वस्त्रामागे एकच विचार दिसतो : या कपड्यामुळे माझ्या माणसांची मान ताठ होते की खाली जाते?

समारंभाचा पोशाख निवडताना हाच प्रश्न आपण विचारला पाहिजे. झगा देशी की विदेशी हा वाद दुय्यम आहे. झगा काढून टाकून ‘ज्याला जे आवडेल ते घाला’ असे म्हणणे ऐकायला गोड वाटते; पण त्याचा अर्थ ‘ज्याला जे परवडेल ते घाला’ असाच होतो. मग पदवीदानाचे लग्नघर व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. झगा जावा, पण त्याच्या जागी सर्वांना सारखे असे काहीतरी यावे. आपापले धुतलेले, नीटनेटके कपडे अंगात असावेत आणि प्रत्येकाच्या खांद्यावर महाविद्यालयाने दिलेले एकच उपरणे असावे. त्यासाठी भोपाळला जायला नको. आपल्या बेळगावात शहापूर, वडगाव, खासबाग येथे आजही मागांचा खडखडाट चालतो. इलकलचा काठ आणि गुळेदगुड्डचा खण तर आपल्या दोन्ही भाषांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. माझी आजी ‘इरकल’ म्हणते, शेजारच्या अज्जी ‘इळकल’ म्हणतात; पेटीत घडी घातलेली साडी एकच. तो काठ उपरण्याला लावला तर या मासिकाच्या दोन्ही विभागांना तो आपलाच वाटेल. आणि हे उपरणे परत करायचे नाही. अनामत नको, रांग नको. ते पदवीबरोबर घरी जावे. झग्याच्या भाड्यापोटी जे पैसे आपण देतो, तेच या कामी लावता येतील. गुरुजनांनी याचा विचार करावा, अशी विनंती आहे.

उपरण्याने विटलेला सलवार-कमीज झाकला जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. तेथे काम आपले आहे, मैत्रिणींनो. मावशीची तीन पायऱ्यांची कसोटी लक्षात ठेवा. आईच्या पेटीतली साडी नव्या साडीपेक्षा कमी नाही, हे आपण आधी स्वतःला पटवू या, म्हणजे दुसरीला ते सांगावे लागणार नाही.

मावशीच्या भिंतीवर आता ताईचा तो फोटो लागला आहे. काळा झगा आणि खाली चार बोटे चंदेरी. मावशीला तेवढीही पुरते. मला मात्र त्यात नसलेली मुलगी आठवते. आपल्या वर्गाच्या छायाचित्रात कोणी कमी नसावे, एवढीच माझी मागणी आहे.