आडनाव दारावर, जबाबदारी कुणावर?

आपल्याकडे नवी ओळख झाली की पुढचा प्रश्न ठरलेला. नाव कळलं, आडनाव काय? मग गाव कुठलं, अमक्या-तमक्यांचे तुम्ही कोण, वगैरे वगैरे. गाड्यांचं त्या मानाने बरं असतं. नाकावर लोगो, पाठीवर मॉडेलचं नाव, खेळ खलास! घराणं कोण विचारतं? पण २००५ मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्सला, म्हणजे जीएमला, वाटलं की आपल्या सगळ्या पोरांच्या अंगावर आडनाव गोंदवून टाकावं. पुढे जे झालं, ते जाम इंटरेस्टिंग आहे.

शेव्हर्ले, पॉन्टिॲक, ब्युइक, सॅटर्न, कॅडिलॅक... नावं वेगळी, शोरूम वेगळ्या, गिऱ्हाईकही वेगळं. पण आता या गाड्यांच्या पुढच्या दाराच्या आसपास एक छोटासा चौकोनी चंदेरी बिल्ला दिसायला लागला. त्यावर दोनच अक्षरं, जीएम. फंडा सिंपल होता. गाडी आवडली ना? मग लक्षात ठेवा, बनवणारे आम्हीच. घरातल्या एका पोराने बोर्डात नंबर काढला की अख्ख्या खानदानाची कॉलर टाइट होते ना, तसंच.

गंमत अशी, की जीएमचा धंदा उभा राहिला होता बरोबर उलट्या हिशोबावर. १९२० च्या दशकात कंपनीचे बॉस आल्फ्रेड स्लोन यांनी ठरवलं, की प्रत्येक खिशासाठी वेगळी गाडी हवी. पहिल्या नोकरीत शेव्हर्ले, मग पगार वाढेल तशी एकेक पायरी चढत शेवटी कॅडिलॅक. थोडक्यात, प्रमोशनची शिडी! कॅडिलॅकवाला जास्तीचे पैसे कशाचे मोजत होता? शेजाऱ्याला ती शेव्हर्ले वाटू नये, याचेच ना? मग सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या पायरीवर एकच बिल्ला लावून कसं चालेल?

त्यात पत्र्याखालची भानगड लोकांना आधीच कळलेली होती. १९७७ मध्ये ओल्ड्समोबिल घेणाऱ्यांच्या लक्षात आलं, की बॉनेटखाली चक्क शेव्हर्लेचं इंजिन आहे. लोक कोर्टात गेले आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली. १९८२ ची कॅडिलॅक सिमरॉन तर शेव्हर्ले कॅव्हेलिअरची सख्खी बहीण होती. लेदर सीट, भारी नाव आणि बरीच जास्त किंमत. गिऱ्हाईक काही फसलं नाही. १९८८ मध्ये ती गाडी बंद झाली. आणि बिचारी सॅटर्न? ‘आमची कंपनीच वेगळी’ असं सांगत ती १९९० मध्ये बाजारात आली होती. तिच्याही दारावर घरचं आडनाव चिकटलं.

मग आला १ जून २००९. जीएमने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी सरकारी पैशावर तगली आणि लोक तिला ‘गव्हर्नमेंट मोटर्स’ म्हणून चिडवायला लागले. चांगल्या गाड्यांमुळे आडनावाचं नाव व्हावं म्हणून लावलेला बिल्ला आता आडनावाची नाचक्की प्रत्येक गाडीपर्यंत पोहोचवत होता! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने तो लावणं बंद करायचं ठरवलं. पॉन्टिॲक आणि सॅटर्न तर ब्रँड म्हणूनच गाशा गुंडाळत होते.

बाकीच्या शहाण्यांनी काय केलं? टाटांनी २००८ मध्ये जग्वार आणि लँड रोव्हर फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरला घेतल्या. पण बॉनेटवर टाटांचा लोगो आला नाही. आपल्याकडे मिठाच्या पुडीपासून ट्रकपर्यंत चालणारं हे आडनाव. पण जग्वार घेणाऱ्याला जग्वारच हवी असते, हे त्यांना पक्कं ठाऊक. बीएमडब्ल्यूनेही रोल्स-रॉइसवर आपला लोगो डकवला नाही. टोयोटाने १९८९ मध्ये लेक्सस आणली, तीसुद्धा वेगळ्या लोगोसकट.

म्हणजे मालकाने लपून बसायचं का? मुळीच नाही! माझं म्हणणं एवढंच, की मालकाचं नाव दारावर नसलं तरी चालेल, वॉरंटीच्या कागदावर मात्र ठळक हवं. पॉन्टिॲक आणि सॅटर्न बंद पडल्या, तेव्हा त्यांच्या मालकांना वॉरंटीची कामं जीएमच्या इतर डीलरांकडे करून मिळाली. आडनाव कामाला येतं ते तिथे. आपल्याकडे जीएमने २००८ मध्ये तळेगावला कारखाना काढला आणि २०१७ संपता संपता भारतातली गाड्यांची विक्री थांबवली. स्पार्क किंवा बीट बाळगणाऱ्यांसाठी मग नाकावरचा सोनेरी लोगो महत्त्वाचा राहिला नाही. पार्ट कोण देणार, हा प्रश्न महत्त्वाचा झाला.

ऑफिसातही हेच चालतं. आमची कंपनी एका मोठ्या ग्रुपने घेतली, तेव्हा आठवडाभरात आयकार्डची दोरी बदलली, कार्डावर ‘अमुक ग्रुपची कंपनी’ अशी ओळ आली, केकही कापला. मी एचआरला एकच विचारलं, ग्रॅच्युइटीला माझी जुनी वर्षं धरणार का? ‘हो’ असं लेखी आलं, तेव्हा कुठे तो नवा लोगो मला बरा दिसायला लागला.

म्हणून दोस्तांनो, पुढची गाडी बुक करताना लोगोवर फिदा जरूर व्हा, पण खानदानाची चौकशीही करा. २०१९ मध्ये टोयोटाची ग्लान्झा आली, ती मुळात मारुतीची बलेनोच. पण लाँचच्या वेळी बलेनोला वॉरंटी दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटर, तर ग्लान्झाला तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर. गाडी तीच, शब्द वेगळा! तेव्हा सेल्समन कॉफी घेऊन आला की त्याला विचारा, इंजिन कुणाचं, पार्ट कुणाचे, आणि उद्या हा ब्रँड गुंडाळला तर फोन कुणाला करायचा? तो गडबडला, तर कॉफी संपवा आणि शेजारच्या शोरूममध्ये शिरा.