पेटी की छाती? खरे कोणाचे धरायचे?

एका भगिनीचे पत्र आले आहे. सुनेचे बाळंतपण आठव्या महिन्यातच झाले, बाळाचे वजन जेमतेम दीड किलो. पहिल्या दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवले आणि आईला हातसुद्धा लावू दिला नाही. पुढे जिल्ह्याला हलवले, तर तिथल्या सिस्टरने बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सांगितले. “दोघेही शिकलेलेच, मग खरे कोणाचे धरायचे?” असा त्यांचा सवाल आहे.

सवाल रास्त आहे. आपल्या दूध संघाच्या प्रत्येक केंद्रावर फॅट निरनिराळ्या रीतीने मोजू लागले तर गावात भांडणे होतील. इथे तर दीड किलोच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि एकाच बाळाला तीन दवाखान्यांतून जावे लागते.

म्हणून उपचाराचे नियम एकत्र बसून ठरवायचे आणि सगळ्यांनी तेच पाळायचे, असा प्रयत्न चालू आहे. आपल्या देशातल्या नवजात बालकांच्या डॉक्टरांनी १९८० साली ‘नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरम’ ही संघटना काढली. बंगालमध्ये पुरुलियाच्या जिल्हा रुग्णालयात २००३ साली आजारी नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष सुरू झाला, आणि तो नमुना पुढे इतर जिल्ह्यांनी घेतला. २०११ साली केंद्र सरकारने सर्वांसाठी नियमांचे पुस्तकच काढले. जिथे बाळंतपण होते तिथे बाळाला ऊब देण्याचा कोपरा हवा, मधल्या रुग्णालयात बाळ सावरण्याची सोय हवी, आणि जिल्ह्याला विशेष कक्ष हवा. वजन १८०० ग्रॅमपेक्षा कमी, दिवस ३४ आठवड्यांच्या आत, धाप, झटके, अंग गार पडणे, दूध न ओढणे, यांपैकी काही असले तर बाळ विशेष कक्षात जायचे. तिथे डॉक्टर कोण आहे यावर ते अवलंबून ठेवायचे नाही.

कोणी म्हणेल, अनुभवी डॉक्टरला पुस्तक कशाला? त्यासाठी ऑक्सिजनची गोष्ट सांगते. १९४० च्या सुमारास अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना भरपूर ऑक्सिजन देत. हेतू चांगलाच होता. पण त्यातली कित्येक बाळे आंधळी होऊ लागली, आणि कारण कोणाच्या ध्यानात येईना. शेवटी १९५३-५४ मध्ये १८ रुग्णालयांनी मिळून एकाच पद्धतीने पडताळा घेतला, तेव्हा जादा ऑक्सिजनचा दोष उघड झाला. मग सगळ्यांनी हात इतका आखडला की श्वासावाचून बाळे दगावू लागली. नेमके किती द्यावे हा घोळ अर्धशतक चालला. २०१० नंतरच्या मोठ्या पाहण्यांत दिसले की फार कमी पातळी राखली तर मृत्यू वाढतात आणि जास्त राखली तर डोळ्यांना धोका. म्हणून आता अशा बाळाच्या रक्तातील ऑक्सिजन साधारण ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. हे कोण्या एका डॉक्टरला, कितीही हुशार असला तरी, आपल्या खाटांवरून कळले नसते.

आता भगिनीच्या सवालाचे उत्तर. जिल्ह्याच्या सिस्टरचे धरा. छातीशी बांधण्याची रीत १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तीही पेट्या पुरेनात म्हणून! पुढे आपल्या देशासह पाच देशांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर पडताळा झाला, त्याचा निकाल २०२१ मध्ये आला. आधी पेटीत ठेवून सावरल्यावर छातीशी दिलेल्या शंभर बाळांत सुमारे १६ दगावली. जन्मल्यापासूनच छातीशी ठेवलेल्यांत १२. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आपला नियम त्याप्रमाणे बदलला. आई थकली तर वडील किंवा आजीही बाळाला असे धरू शकतात. आजोबांनी लाजायचे कारण नाही.

पण नियम छापले म्हणजे काम भागले नाही. रात्रपाळीला एकच सिस्टर असेल तर तिला दहा पानी पुस्तक काय कामाचे? तिला भिंतीवर लावलेला, मराठीत लिहिलेला एक तक्ता हवा. आणि पहिल्या दवाखान्याला नवा नियम कळवायची जबाबदारी जिल्ह्याने घ्यायला हवी. आज खरी उणीव इथे आहे, असे मला वाटते.

वाटेत बाळ गार पडते, ही दुसरी उणीव. गाडी १०८ ची असो की १०२ ची, बाळाला टोपी व मोजे घालावेत आणि डॉक्टरांना विचारून वाटेतही आईच्या छातीशीच ठेवावे. गरम विटा किंवा बाटल्या लावू नयेत, कातडी भाजते. निघताना चिठ्ठी मागून घ्यावी. वजन, किती दिवसांचे, कोणते औषध किती वाजता दिले, दूध केव्हा पाजले, एवढे तिच्यावर हवेच. चिठ्ठी मागताना संकोच करू नका. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचा उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे.

भगिनीने लिहिले आहे की बाळ आता घरी आले, दूध ओढते. छान झाले! मात्र दोन किलोच्या आत किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासावे लागतात, फारच लहान बाळाचे त्याहूनही आधी. बाहेरून डोळा चांगला दिसला तरी. पत्रावरच्या तारखेप्रमाणे आज त्यांच्या बाळाचा एकविसावा दिवस आहे. आशाताईंना आजच विचारून तपासणी नक्की करावी.