वाळूची ठेव

आम्हा नागपूरकरांना समुद्र दिसतो तो 6 डिसेंबरला, चैत्यभूमीवर. काही मंडळी महाडच्या चवदार तळ्यावर आणि पुढे मंडणगड तालुक्यात, बाबासाहेबांच्या आंबडवे गावीही जाऊन येतात. त्याच पट्ट्यावर 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आदळले. श्रीवर्धन, दिवेआगरकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, किनाऱ्यावरचे सुरूचे बन मोडून पडले. पंचनामे बागांचे झाले. त्या बागांत रोजीने जाणाऱ्यांचा पंचनामा कोण करतो? नवी पोफळ सुपारी द्यायला पाच-सात वर्षे घेते. तोवर त्यांची चूल कशावर पेटायची?

आम्ही पडलो कारकून, तेव्हा किनाऱ्याचा हिशेब आमच्या भाषेत मांडतो. पावसाळी लाटा वाळू आत ओढून नेतात, हा खर्च. थंडीपासून शांत लाटा ती परत आणतात, ही जमा. कोरडी वाळू वाऱ्याने उडते आणि वेलीत अडकून तिची टेकडी होते, ही ठेव. वादळात समुद्र आधी या ठेवीतून घेतो, म्हणून मागची बाग वाचते.

टेकडी सपाट करून भिंत बांधली की ठेव मोडली. लाट भिंतीवर आपटून पायथ्याची वाळू उकरते आणि भिंत संपते तिथे शेजाऱ्याची जमीन खाते. 23 सप्टेंबर 2023 रोजी अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा नागपूरनेही पाहिले. पाण्याची जागा अडवली की पाणी घरात शिरते.

टेकडी पुन्हा उभी करता येते. झावळ्यांची कंबरभर उंच, विरळ कुंपणे वाऱ्याच्या वाटेत रोवायची. वाळू साठली की मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा लावायच्या. (समुद्राला मर्यादा घालणारी वेल! नाव ठेवणाऱ्याला सारे ठाऊक होते.) पायवाट एकच ठेवायची, गाड्या वर येऊ द्यायच्या नाहीत. मात्र वाळूचा उपसा चालूच राहिला, तर कुंपणात अडकणार काय?

हे सारे हातांचे काम आहे आणि काही वर्षे चालणारे. दगडी बंधाऱ्याचे बिल मोठे निघते, झावळीचे काय निघणार? म्हणून ठेकेदाराला त्यात गोडी नाही. पण आपल्या राज्याने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला, तो हाताला काम देण्यासाठीच. बाग गेली तेव्हा ज्यांची रोजी गेली, त्यांच्याच हाती हे काम मजुरीने द्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.