सूट कागदावर, भार कामगारावर

परदेशातून आणलेल्या मालाची घोषणा करणे हे 1962 च्या सीमाशुल्क कायद्याने प्रवाशावर टाकलेले कर्तव्य आहे. समाजवाद्यांनी त्यास विरोध करण्याचे कारण नाही. बुडालेल्या कराचा भार अखेर गरिबांवरच पडतो. परंतु कर्तव्याची अपेक्षा करणाऱ्या शासनाचे मोजमापही न्याय्य असावयास हवे.

2016 च्या नियमांनी वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्या पुरुषास 20 ग्रॅमपर्यंत सोन्याचे दागिने विनाशुल्क आणण्याची मुभा दिली. मात्र किमतीची मर्यादा 50,000 रुपये ठेवली. 2024 मध्ये सोने दहा ग्रॅमला 70,000 रुपयांच्या वर गेले आणि ही सूट सात ग्रॅमांवर आली. आखातात राबून बहिणीच्या लग्नासाठी साखळी आणणारा रत्नागिरीचा कामगार केवळ भाववाढीमुळे करपात्र ठरला. तस्करांचे यात काहीच बिघडले नाही.

इतर सामानाची सूट रुपयांतच मोजली जाते. ती महागाईच्या निर्देशांकाशी जोडावी, ही आपली मागणी असली पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी गावोगावी सांगावे : विमानतळावरील लाल मार्गाने जाणे म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. घोषित मालावर शुल्क भरून सुटका होते. लपविलेला माल जप्त होऊ शकतो.