विश्लेषण : जिनपिंग यांनीच वर आणलेल्या जनरलची हकालपट्टी का?

चीनच्या केंद्रीय लष्करी आयोगाचे उपाध्यक्ष जनरल हे वेइडोंग यांची १७ ऑक्टोबर २०२५ रोजी कम्युनिस्ट पक्षातून आणि सैन्यातून हकालपट्टी झाली. त्यांच्यासह आणखी आठ बडे अधिकारी गेले. पदावरील लष्करी उपाध्यक्षावर अशी वेळ सांस्कृतिक क्रांतीनंतर प्रथमच आली.

हे वेइडोंग कोण?

वेइडोंग यांच्या कारकीर्दीचा मोठा काळ तैवानसमोरच्या फुजियान प्रांतातील ३१व्या ग्रुप आर्मीत गेला. क्षी जिनपिंग यांनीही १९८५ ते २००२ ही वर्षे याच प्रांतात काढली. या योगायोगाला चीनमध्ये मोल असते. पुढे वेइडोंग पश्चिम विभागाच्या भूदलाचे प्रमुख झाले. भारताला लागून असलेली सीमा याच विभागाकडे आहे आणि २०१७चा डोकलाम पेच त्यांच्याच काळातला. २०१९ अखेरीस त्यांना तैवानची जबाबदारी असलेला पूर्व विभाग मिळाला. २०२२ मध्ये तर ते लष्करी आयोगाचे साधे सदस्यही नसताना थेट उपाध्यक्ष झाले, पॉलिट ब्युरोतही बसले. ज्येष्ठतेच्या हिशेबात ही बढती बसत नव्हती. ती दिली जिनपिंग यांनीच.

मग बिनसले कुठे?

मार्च २०२५ नंतर ते सार्वजनिक कार्यक्रमांतून दिसेनासे झाले. सात महिने सरकारने चकार शब्द काढला नाही. अखेर जाहीर झाले ते पदाशी संबंधित गंभीर गुन्हे आणि प्रचंड रकमा. लाच नेमकी कुणाकडून, कशासाठी, हे गुलदस्त्यातच राहिले. आरोप खोटेच असतील असे नाही. पण हकालपट्टीच्या यादीत राजकीय विभागाचे प्रमुख मियाओ हुआ आणि पूर्व विभागाचे लिन शियांगयांग हेही आहेत, आणि दोघांचीही मुळे ३१व्या ग्रुप आर्मीतच. जी ओळख वर चढताना विश्वासाची खूण होती, तीच एकत्र वर पोहोचल्यावर गटबाजी ठरली, असे मानायला जागा आहे. यापूर्वी कारवाई झालेले गुओ बॉक्सिओंग आणि शू काइहोऊ हे निवृत्त उपाध्यक्ष आधीच्या राजवटीचे मोहरे होते. वेइडोंग मात्र जिनपिंग यांची स्वतःची निवड.

परिणाम काय?

आयोगात २०२२ मध्ये जिनपिंग यांच्यासह सात जण होते. त्यांतले संरक्षणमंत्री ली शांगफू आधीच गेले होते, मियाओ आणि वेइडोंग आता गेले. तैवानवर हल्ला करावा की नाही, हिमालयात किती ताणावे, याचा खरा सल्ला नेत्याला कोण देणार, हा प्रश्न दिल्लीलाही लागू आहे. चूक सांगणाऱ्याला निष्ठेची परीक्षा द्यावी लागत असेल, तर गप्प बसणे सोपे.

वेइडोंग यांच्या जागी आठवडाभरातच जनरल झांग शेंगमिन आले. सहकाऱ्यांची चौकशी करणाऱ्या शिस्तपालन विभागाचे ते प्रमुख. पॉलिट ब्युरोत मात्र त्यांना घेतलेले नाही.